मामांचं मंत्रिपद आणि आमचा ओटा

माझ्या बायकोचे मामा राज्याचे मंत्री होते आणि आमच्या घरात पाणी नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घणसोलीतली आमची सोसायटी नवीकोरी होती. लिफ्ट होती (बंद), बाग होती (नकाशात), आणि नळ तर घरटी सहा-सहा होते! त्यांतून फक्त हवा यायची. पाणी रोज सकाळी टँकरने यायचं. महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेला मी रोज दोन बादल्या चार मजले चढवून मगच कामावर जायचो. त्यात सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सहावा महिना लागलेला. "बाळ घरी येईल तेव्हा नळाला पाणी असेल," असा शब्द मी तिला देऊन बसलो होतो.

भिस्त सगळी अण्णामामांवर. त्यांची राजकीय कारकीर्द माझ्याच लग्नात सुरू झाली. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात त्यांनी भटजींच्या हातून माइक घेतला. "मी दोनच मिनिटं बोलतो," म्हणाले. मग दुधाचे भाव, तालुक्यातले रस्ते, विरोधकांचा नादानपणा आणि सर्वांत शेवटी वधूवर, असं करत पाऊण तास बोलले. मुहूर्त टळला! अंतरपाटापलीकडे सुनंदा उभ्या उभ्या पेंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या (थांबावेत म्हणून), पण मामांना तो जनतेचा कौल वाटला. पुढे दूध संघ, जिल्हा परिषद, आमदारकी, मधे दोनदा पक्षबदल असं करत करत ते पशुसंवर्धन राज्यमंत्री झाले.

ही बातमी सोसायटीत पोचली त्याच दिवशी चेअरमन सावंतकाकांनी मला सेक्रेटरी करून टाकलं. निवडणूक नाही, काही नाही.

"देसाई, मामांना सांगा, आपली पाण्याची फाइल दोन वर्षं पडून आहे."

"पण काका, मामांकडे म्हशी आहेत, पाणी नाही."

"मंत्री तो मंत्री! तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी टेन्शन मुळीच घेतलं नाही. माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटण लागेना. तडक मामांना जाऊन भेटलो.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आधी टाकी बांधा. उद्घाटनाला मी येतो. मंत्र्याच्या मागं अधिकारी येत्यात, आन् अधिकाऱ्यांच्या मागं पाणी येतंय. ह्ये असंच असतंय."

टाकी बांधली. उद्घाटन म्हटलं की कोनशिला आलीच. घणसोली गावातले पदूदादा दगडावर अक्षरं कोरायचे. त्यांच्याकडून काळ्या ग्रॅनाइटवर मामांचं नाव कोरून घेतलं, खाली 'राज्यमंत्री, पशुसंवर्धन' आणि उजव्या कोपऱ्यात 'निमंत्रक' म्हणून माझं नाव. (मामांच्या नावापेक्षा अर्धा इंचच लहान. सावंतकाकांचं नाव घालायचं राहून गेलं. चुकून.)

दगड तयार झाला आणि मामांना बढती मिळाली! कॅबिनेट मंत्री! आणि खातं कुठलं? पाणीपुरवठा!! सावंतकाकांनी जिन्यातच मला मिठी मारली. माझ्या हातातली भरलेली बादली दोन मजले घरंगळत गेली, तरी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मामा सत्कारांत गुंतल्यामुळे उद्घाटन महिनाभर पुढे गेलं एवढंच. मी धावत पदूदादांकडे गेलो.

"दादा, मंत्री मोठे झाले. खालचं बदला."

"सायेब, ह्यो दगड हाय. पाटीसारका पुसाचा कसा?"

"मग आता?"

"पलटी मारू. मागची बाजू कोरी हाय. तुमचं नाव परत उजव्या कोपऱ्यात घालतो." मग छिन्नी उचलत म्हणाले, "पन मामाला सांगा, आता थांब म्हनून. दगडाला दोनच बाजू असतान."

"अहो, आता कॅबिनेट झाले! याच्यापुढे कुठे जाणार?"

"खाली," पदूदादा म्हणाले आणि कामाला लागले.

उद्घाटनाचा रविवार उजाडला. मांडव, बँड, हार, सगळं जय्यत. आणि इथे माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली. मंत्री समारंभपूर्वक नळ सोडणार आणि नळ नुसता फुसफुसणार? शोभा होईल! म्हणून मी सकाळी सकाळी तीन टँकर मागवून टाकी काठोकाठ भरून घेतली.

सुनंदा गॅलरीतून बघत होती. "अहो, पाणी नाही हे दाखवायलाच मामांना बोलावलंय ना?"

"तुला राजकारण कळत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य ती आजही मला वर्षातून चारदा ऐकवते.)

नऊ वाजता रेडिओवर बातमी आली. मंत्रिमंडळात फेरबदल. मामांना वगळलं! मी मटकन खुर्चीत बसलो. खुर्चीत मामांचा हार ठेवलेला होता, तो चेपला. पण दहाच्या ठोक्याला लाल दिव्याची गाडी हजर! मामा उतरले आणि माझ्या कानाशी लागले, "बारा वाजेपत्तर गाडी आपली हाय. आटपा लवकर."

पाणीखात्याचे अभियंतेही आले होते. बिचाऱ्यांनी रेडिओ ऐकला नव्हता. मामांनी पडदा सरकवला. 'कॅबिनेट मंत्री, पाणीपुरवठा' ही अक्षरं त्यांनी सावकाश वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. "दगडावर तरी ऱ्हायलो," म्हणाले. मग त्यांनी नळ सोडला. काय ती धार! बँडवाला बाजासकट भिजला!

"पाणीपुरवठा मंत्री म्हणून ह्ये माझं पहिलं आन् शेवटचं काम!" मामा गदगदून ओरडले. "घणसोलीला पाणी दिलं!"

टाळ्यांचा कडकडाट. अभियंत्यांनी वाहत्या नळाकडे पाहिलं, काखेतली फाइल उघडली, 'पाणी सुरू आहे' असं लिहिलं आणि सोसायटीच्या वतीने खाली माझी सही घेतली. मी ती झोकात, दोन रेघा मारून केली. फाइल बंद झाली.

संध्याकाळी टाकी रिकामी झाली तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"देसाई!" सावंतकाका जिन्यातूनच ओरडले. "फाइल दोन वर्षं पडून होती, पण उघडी होती हो!"

माझं सेक्रेटरीपद मामांच्या मंत्रिपदाबरोबर एकाच दिवशी गेलं. कोनशिला उपटून माझ्या दाराशी आणून टाकण्यात आली. सुनंदाने नुसती रिकामी बादली माझ्यापुढे सरकवून ठेवली, आणि मला खरोखर रडू आलं. मंत्र्याचा जावई म्हणून मिरवण्याच्या नादात मी तिला दिलेला शब्द स्वतःच्या सहीने मोडला होता.

आठवड्याभराने दाराची बेल वाजली. दारात मामा, दोन ट्रंका आणि सत्कारात आलेल्या एकोणीस शाली! गावाकडे जायला तोंड नाही, म्हणून भाचीकडे मुक्कामाला आले होते. दुसऱ्या दिवशी बाथरूममधून आरोळी आली.

"सुनंदा, पाणी!"

"संपलं, मामा."

"संपलं म्हंजे? मी दिलंय की!"

माजी पाणीपुरवठा मंत्री टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण तसाच, बाहेर आले. मी टँकरपासून सहीपर्यंत सगळं कबूल केलं. डोळ्यांत साबण जात होता तरी मामा माझ्याकडे बघत राहिले.

"जावईबापू," शेवटी म्हणाले, "येवढं डोकं तर आमच्या पक्षातबी कुणाला नव्हतं. कपडे घाला. चला."

अभियंत्यांच्या कचेरीत मामा खुर्ची ओढून बसले. "मी दोनच मिनिटं बोलतो," म्हणाले. पहिल्या दिवशी ते तीन तास बोलले. दुसऱ्या दिवशी दूध संघाच्या स्थापनेपासून सुरू करून कचेरी बंद होईपर्यंत बोलले. तिसऱ्या दिवशी मामांनी घसा खाकरला मात्र, अभियंत्यांनी हात जोडले.

"साहेब, फाइल उघडतो. लाइन देतो. पण थांबा!"

मंत्री असताना मामांना जे जमलं नाही, ते रिकामे झाल्यावर तीन दिवसांत जमलं. सुनंदा लेकीला घेऊन दवाखान्यातून आली तेव्हा सहाही नळ वाहत होते. मामा बाळाच्या बादलीत हात घालून लहान मुलासारखे हसत होते.

आणि ती कोनशिला? "ओट्याला छान आहे की," सुनंदा म्हणाली. पदूदादांनीच येऊन ती बसवली, कॅबिनेटची बाजू वर ठेवून. साखर सांडली की मुंग्या नेमक्या 'मंत्री' या अक्षरांत शिरून बसतात, काही केल्या हलत नाहीत. मामा अधूनमधून येतात, ओट्यावरून हात फिरवतात आणि चहा पितात.

माझं नाव तिथे शोधू नका. सिंकसाठी भोक पाडायला पदूदादांना उजवा कोपराच सोयीचा पडला. मामांचं पद अजून शाबूत आहे. माझ्या नावातून मात्र तेव्हापासून खरकटं पाणी धो धो वाहतंय!