पोच

स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. कारखान्यातली गॅसगळती कळवणारं आमचं यंत्र वायरलेस कनेक्शन बंद करताना अडकतं. शेवटचा इशारा मिळाल्याची पोच पलीकडच्या सर्व्हरकडून येत नाही आणि ती आल्याशिवाय यंत्र हलत नाही.

“अगं, तोडून टाक सरळ! उद्या डेमो आहे,” साहेब म्हणाले.

“आणि इशारा पोहोचलाच नाही तर? आत माणसं असतात.”

“तुझे मामा आहेत का तिथे?”

साहेब हसले. मला चीड आली. ऐकणं थांबवतो सर्व्हर, आणि बिघडलेलं ठरतं वाट पाहणारं यंत्र. माणसांशीही आपण असंच वागतो. उत्तर मागत दारात उभा राहिलेला प्रत्येक जण आपल्याला आडमुठाच वाटतो.

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. “तोडा तुमच्या हातानं.”

साहेबांनी हात खिशात घातले.