कमलाक्षीनं न वाचलेल्या ओळी

बाळकृष्णराव तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचं उजवं अंग गेलं. तंजावुरातल्या त्यांच्या घरात तेव्हा दोनच माणसं उरली होती, ते आणि त्यांची विधवा सून कमलाक्षी. मुलगा सांबशिव विषमज्वरानं आधीच गेला होता; त्याला मूलबाळ नव्हतं. मुलगी राजम नवऱ्याबरोबर मलायात, एका रबराच्या मळ्यावर राहत होती.

कमलाक्षी तेव्हा चाळिशीच्या आतली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, कांजी चमच्यानं भरवून हनुवटी पुसायची, हे सगळं तिनं इस्पितळातल्या एका नर्सबाईकडून शिकून घेतलं. सासऱ्यांचं वजन पेलून तिचे हात पुरुषासारखे टणक झाले.

आणि सासरे दिवसभर म्हणायचे, "माझी राजम असती तर!"

राजमकडून बिस्किटांचा डबा आला की तो तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, आल्यागेल्याला दाखवला जायचा. शेजारची धनलक्ष्मी म्हणायची, "लांब राहून किती माया करते हो पोरगी!" कमलाक्षी आत जाऊन घासलेलंच पातेलं पुन्हा घासायची.

राजमची पत्रं मराठीत, पण तमिळ अक्षरांत लिहिलेली असायची. देवनागरी तिला येत नव्हती. बाळकृष्णरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे पत्र वाचायचं कमलाक्षीनं आणि उत्तरही लिहायचं तिनंच. खाली सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

एकदा पत्रात होतं, 'अप्पा, स्वप्नात मी तुमचे पाय दाबत होते.' कमलाक्षीनं नुकतेच ते पाय तेल लावून चोळले होते. तिनं ती ओळ गाळली. पुढच्या पत्रातल्या दोन गाळल्या. मग सवयच झाली. "राजमला आताशा वेळ मिळत नाही वाटतं," सासरे म्हणाले, तेव्हा तिला बरं वाटलं.

१९५९च्या दिवाळीनंतर आलेल्या पत्रात राजमनं विचारलं होतं, 'पोंगलला येऊ का? दोन महिने राहीन. तुम्ही हो म्हणालात की जहाजाचं तिकीट काढते.'

कमलाक्षीच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. सासरे राजमच्या हातून जेवणार, गल्ली कौतुकाला लोटणार. दोन महिन्यांनी राजम जाणार, आणि मागचं रडणं पुसायला आपण. तिनं सासऱ्यांना मळ्यावरच्या पावसापाण्याचं वाचून दाखवलं. उत्तरात लिहिलं, 'प्रकृती ठीक आहे. एवढा खर्च करून येण्याची घाई नको.' मग त्यांचा अंगठा शाईत बुडवून तिनं त्या खोट्याखाली टेकवला.

पोंगल गेला. बाळकृष्णरावांच्या कंबरेला जखम झाली, ती कमलाक्षी रोज धुऊन बांधायची. एका सकाळी त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"दोन घास घ्या, मामंजी."

"कुणासाठी? पोरगी विसरली मला."

सात वर्षं आपण उठवलं, बसवलं, भरवलं, आणि हे विचारतात कुणासाठी! कांजीचं भांडं तसंच ठेवून ती परसात गेली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ सुकलेले पाहून ती घाबरली. तिनं पत्रांची पेटी खाली काढली आणि त्यांच्या उशाशी बसून पहिल्यापासूनची सगळी पत्रं, एकही शब्द न गाळता, वाचली. पोंगलचं पत्रही वाचलं. वाचता वाचता दुपार कलली.

बाळकृष्णरावांच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. "कां केलंस गे असं?"

"तुमच्या तोंडी कधी माझं नांव आलं नाही."

त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. मग म्हणाले, "तुझं नांव घ्यायला तू लांब कुठं होतीस?"

ते उत्तर तिला पुरलं नाही. पण त्यांनी तोंड उघडलं, आणि तिनं कांजी भरवली. त्याच दिवशी तिनं राजमला लिहिलं, 'मागचं उत्तर अप्पांचं नव्हतं, माझं होतं. तुमच्या पुष्कळ ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या नाहीत. या.'

राजम आली ती चैत्रात, नागपट्टणमला उतरून. दोन दिवस ती भावजयीशी बोललीच नाही. सासरे राजमच्या हातून जेवले, हसले; कमलाक्षी दारात उभी राहून जळत राहिली. तिसऱ्या दिवशी राजम त्यांची कूस बदलायला गेली, तेव्हा ते कळवळून ओरडले. कमलाक्षी धावली. तिनं एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली घालून त्यांना अलगद वळवलं.

राजम परसात येऊन रडली. "वहिनी, इतकी वर्षं अप्पांचं म्हणून आलेलं प्रत्येक अक्षर तुमचं. त्यातलं त्यांचं किती, ते आता मी कुणाला विचारू? तुम्हाला अप्पा रोज मिळाले. मीही तिथं जळतच होते हो."

"मिळाले म्हणजे काय मिळालं, वन्सं?" कमलाक्षी म्हणाली. पण तिचा आवाज चढला नाही.

"आम्हाला तिकडं प्रॉव्हिडंट फंड आहे," राजम डोळे पुसत म्हणाली, "पण म्हातारपणी कूस बदलून द्यायला कोण?" मग तिनं पदर खोचला. "हात कुठं घालायचा, ते दाखवा मला."

बाळकृष्णराव पुढच्या वर्षी वारले. राजम तेव्हा मलायात होती. त्यांची पेन्शन त्याच महिन्यात थांबली. कचेरीत सांगितलं की सुनेला काही मिळत नाही. सरकारनं निराधार म्हाताऱ्यांसाठी नवी पेन्शन काढली, तेव्हा कमलाक्षी तिथंही गेली. कारकुनानं वय विचारलं. सत्तेचाळीस. "अजून पुष्कळ वर्षं आहेत, अम्मा," तो म्हणाला. राजमनं घरातला आपला वाटा वहिनीच्या नावे करून दिला, पण घर काही जेवू घालत नाही.

मग वकील सेतुमाधवरावांची आई वेंकूबाई अंथरुणाला खिळली आणि त्यांनी कमलाक्षीला बोलावलं. तिनं सरळ सांगितलं, "महिन्याचा पगार, दुपारचं जेवण. संध्याकाळी सहाला मी घरी. रविवारी येणार नाही."

"रविवारी आईचं कोण करील?"

"तुम्ही असाल की घरात."

वेंकूबाईंचा धाकटा कल्याणराम दिल्लीला होता. दिवसभर त्याचंच नाव. "माझा कल्याण असता तर!" ते ऐकून स्वयंपाकघरात थोरली सून भागीरथी भांडी आपटायची. कमलाक्षीला तो आवाज चांगला ओळखीचा होता.

एके दिवशी भात भरवता भरवता ती वेंकूबाईंना म्हणाली, "आज भागीरथीनं भात मऊ केलाय तुमच्यासाठी. बरा झालाय, सांगा तिला."

"त्यात काय सांगायचं? घरातलीच ती."

"सांगा तरी." कमलाक्षीनं चमचा मागे घेतला.

म्हातारीनं तिच्याकडे रागानं पाहिलं, वाट पाहिली, आणि मग कुरकुरत हाक मारली, "अगे भागीरथी, इकडं ये बघू."