खुब्याचं कुणी विचारलंच नव्हतं

जन्मापासून हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, आणि धंदा दिवसभर वस्तरा चालवण्याचा! गिऱ्हाइकं चेष्टा करत, तर तो म्हणे, "म्हणून तर हात जपून चालतो." खरं तर कापण्याचं त्याला एवढं भय नव्हतं. सांध्यात आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाने त्याचा उजवा गुडघा लहानपणीच धरला होता. सगळं घर त्या गुडघ्याला जपायचं. आई गेल्यावर थोरली बहीण.

त्या सकाळी एका मास्तरांचे केस अर्धे कापून झाले आणि त्याच्या जांघेत कळ आली. पाय सरळ होईना. खुर्चीला रेलून त्याने कसंबसं उरकलं.

"एक कल्ला वर गेलाय हो," मास्तर आरशात बघत म्हणाले.

बहीण धावत आली. "रक्त गोठायचं इंजेक्शन घेतलंस?"

"गुडघा कुठे सुजलाय?"

"गप गाडीत बस."

दवाखान्यात कळलं, जांघेतल्या खोल स्नायूत रक्त साचलं होतं. पडून राहायला सांगितलं, पण याला कुठला धीर! दुकान बंद, गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील, या घोरात तो खाटेवर तळमळत राहिला. दुखणं उतरल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हलकेच पाय फिरवून पाहिला, मग एक्स-रे काढायला लावला. खुबा झिजला होता.

"गुडघा वाकडा, म्हणून भार वर गेला," त्या म्हणाल्या. "त्यात दिवसभर उभं राहणं, हे वजन, आणि दुखल्यावरच इंजेक्शन."

"पण खुबा कधी सुजला नाही!"

"तो खोल असतो, सूज दिसत नाही. मोजे घालता येतात?"

तो छताकडे बघू लागला. बहिणीला एकदम त्याच्या पायांतल्या सपाता दिसल्या. बुटांना हातच लावत नव्हता हा.

"कधीपासून रे?"

"तू आणखी काळजी करत बसली असतीस."

ती रागाने बाहेर जाऊन उभी राहिली. डोळे पुसून परत आली.

ऑपरेशन सध्या टळलं. आता इंजेक्शन ठरल्या दिवशीच होतं. दुकानात तो चाकांच्या स्टुलावर बसून कापतो, दर दोन मिनिटांनी चुळबुळ करतो. बाईंनी पोहायला सांगितलं तेव्हा त्याला घाम फुटला. लहानपणी आईने तलावाच्या काठालाही फिरकू दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो कठड्याला धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. उजवा पाय हळूच बाजूला नेला. गेला. पुन्हा नेला. काठावर बहीण येरझारा घालत होती.

"पुरे आता, बाहेर ये!"

"थांब गं," तो ओरडला, "अजून डावा राहिलाय."