सहाव्या होलची वाळू

वामन इंगळे गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या बसस्टँडवर होतो. त्यांची मुलगी बोलत होती. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली, आणि मग मलाच विचारलं, तुम्ही जेवलात का... मी समोर लागलेल्या बुलढाण्याच्या गाडीत बसलो. त्याला आता दीड महिना झाला.

इंगळे मोजणी खात्यात भूकरमापक होते, मी बांधकामाकडचा इंजिनिअर. नोकरीत असताना नमस्कारापुरती ओळख. मैत्री झाली ती निवृत्तीनंतर, गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानामुळे. इंग्रजांच्या काळात साहेब लोकांनी माळावर नऊ होलचं ते मैदान आखलं होतं. आपल्याकडे हिरवळ टिकत नाही, म्हणून प्रत्येक होलभोवती जळकं तेल मुरवलेल्या वाळूचं गोल अंगण. इंगळ्यांचे वडील सखाराम तिथे माळी होते. ती वाळू कालवायची, पसरायची, साहेब खेळून गेले की पावलं पुसायची, हे त्यांचं काम. खेळायच्या काठीला हात लावायची मुभा नव्हती. पुढे साहेब गेले, बाभळी वाढल्या आणि मैदान नावापुरतं उरलं.

चार वर्षांपूर्वी गावातल्या काही डॉक्टर-वकिलांनी ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं. पुण्याच्या एका माणसाकडून नवा नकाशाही आला, सरळ, सोपा. इंगळे न बोलावता बैठकीला गेले आणि वडिलांच्या सांगण्यावरून स्वतः काढलेला जुन्या मैदानाचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. "करायचंच हाय तं जसं होतं तसं करा," म्हणाले. मंडळी हसली नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पावसाळ्याआधी नऊही जागा खोदून दाखवल्या तर जुना नकाशा घेऊ, असं ठरलं.

आठ जागा सापडल्या. वीतभर मातीखाली काळी वाळू, नकाशात होती तिथेच. सहावी मात्र सापडेना. इंगळे रोज सकाळी टेप घेऊन जायचे, मी सोबतीला. उतारावर कुठेही खड्डा घ्या, मुरूमच मुरूम. एकदा दगडावर बसून म्हणाले, "बाप खोटं नाही बोलला. माह्यंच मोजमाप चुकलं असन." जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी लावून दिलेला माणूस स्वतःच्या मोजणीवर शंका घेत होता, आणि मला खरं कारण ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मंत्र्यांसाठी हेलिपॅड करायला मीच तो उतार भरून घेतला होता. दौरा रद्द झाला, भराव राहिला. हे मी त्यांना पंधरा दिवस सांगितलं नाही. शरम होतीच, शिवाय नवा नकाशा झाला तर कुणाचं काय बिघडेल, असंही वाटायचं...

शेवटी सांगितलं. ते रागावतील म्हणून मनाची तयारी केली होती. त्यांनी टेप गुंडाळला आणि विचारलं, "किती फूट भरलं होतं?"

"चार."

"काळं काही दिसलं होतं काय तवा?"

"दिसलं होतं. डांबराचं पिंप सांडलं असेल, असं वाटलं."

त्यांनी कुदळ खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "जागा दाखवा." त्यानंतर चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी खड्ड्यातून वाळू निघाली, काळी, चिकट. त्यांनी मूठभर घेऊन हुंगली आणि माझ्या हातावर ठेवली. "बाप घरी आला का त्याच्या धोतराले असाच वास ये."

मैदान जुन्या नकाशाप्रमाणे झालं. पहिला फटका इंगळ्यांनी मारावा, असा सगळ्यांनी आग्रह धरला. दोनदा काठी हवेतच फिरली, तिसऱ्यांदा चेंडू वीसेक पावलं गेला. त्यांनी काठी परत दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. रोज सकाळी वाळूवरून फळी ओढायला मात्र जायचे. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचं, म्हणजे आपलं पाऊल मागे उरत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं.

आता ती फळी मी ओढतो. नऊ होल होत नाहीत माझ्याने, सहावा तेवढा करतो. परवा नव्याने बदलून आलेले एक डॉक्टर थांबून बघत होते. म्हणाले, "काका, इथे आधी काय होतं?"

"हेच होतं," मी म्हणालो. "मधे मी बुजवलं होतं."