याकोबभाऊ वळणावर गाडी थांबवायचे

आज दुपारी ज्यांना आम्ही माती दिली, त्या याकोबभाऊंनी एक माणूस मारला होता.

आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. बाहेर अर्धवट गोष्टी फिरतात, म्हणून लिहिते.

याकोबभाऊ कोहमारा-गोंदिया रोडवर काळीपिवळी, सवारीची जीप, चालवायचे. मी कोहमाऱ्याजवळच्या शाळेत शिकवते. सहा वर्षं रोज पाचच्या सुमारास त्यांच्याच गाडीने गोंदियाला घरी आले. पुढची सीट माझी.

आधी खूप प्यायचे म्हणे. मी ओळखायला लागले तेव्हा सोडून बरीच वर्षं झाली होती. रविवारी चर्चमध्ये सगळ्यात आधी येऊन सतरंज्या टाकायचे.

पण प्रभुभोजनात येशूच्या स्मरणाच्या भाकरीचं ताट समोर आलं की न घेता पुढे सरकवायचे. दर वेळी.

पाळक सांगायचे, आधी प्रत्येकाने आपल्या आत पाहावं, मगच भाकर घ्यावी. आम्ही दोन सेकंद डोळे मिटायचो आणि घ्यायचो.

लोक म्हणायचे, याकोब किती नम्र.

जंगलाच्या पट्ट्यात एक वळण आहे. तिथे ते रोज गाडी थांबवायचे. इंजिन बंद. पाच मिनिटं.

सवारी कुरकुरायची. "अरे भाई, चलो ना!"

भाऊ ऐकायचेच नाहीत. समोरच्या मोहाच्या झाडाखाली पाहत बसायचे.

तिथे कोणी नसायचं.

एकदा मी विचारलं, "प्रार्थना करता का भाऊ?"

"नाही मॅडम. तो उभा रायते तेथं."

"कोण?"

"मीच. पहिलेचा. लाल शर्ट, पायात एकच चप्पल. लिफ्ट मांगते. मी नाही देत."

हसावं की काय करावं, कळेना. पण दुसऱ्या दिवसापासून मीही त्या झाडाकडे पाहायला लागले. इंजिन बंद झालं की पाखरं पण गप्प होतात, असं मला वाटायचं. खरंच व्हायची की काय, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धानकापणीचे दिवस. गाडीत मी एकटीच.

भाऊंनी गाडी थांबवली. झाडाकडे पाहिलं. मग खाली उतरले, झाडाच्या मागे जाऊन पाहून आले. चेहरा पांढराफटक.

"आज नाही तो."

"मग चांगलंच झालं ना, भाऊ?"

"काऊन चांगलं? बाहेर नाही तं कोठी गेला?"

त्यांनी आरसा हळूच मागच्या सीटकडे वळवला.

"गाडीतच बसला असन."

मी मागे पाहिलं. सीट रिकामी होती.

पण त्या क्षणी मला भीती वाटली ती त्यांच्या 'त्याची' नाही. माझी. त्याच सकाळी मी एका मुलीला सगळ्या वर्गासमोर तिच्या आईवरून बोलले होते. ती रडली होती. आणि दिवसभर मला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

भाऊंनी गाडी सुरू केली. गोंदियाकडे नाही. डावीकडे, कच्च्या रस्त्याने, शेतांकडे.

एक म्हातारी बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचे भारे बांधत होती. देवकाबाई. भाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, अठरा वर्षांआधी तुमच्या घरवाल्याले त्या वळणावर जीपनं उडवलं ना, तो मी होय. पेलो होतो. पळून गेलो."

तिच्या हातात विळा होता.

तिनं विळा खाली ठेवला.

"मले मालूम आहे. तुमी रोज थांबता, मी रोज अथून पाहतो. आज येतीन, उद्या येतीन."

मग विचारलं, "तवा जिता होता का तो?"

'नाही' म्हणायला काय लागतं?

"होता."

"काही बोलला?"

"पाणी मांगतलन. मंग म्हणे, घरी देवका वाट पाहून राहिली असन."

"अन् तू?"

"मी गाडीत बसलो."

ती बांधीतच खाली बसली. आम्ही उभेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाऊ पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, इतक्या वर्षांनी काही होणं कठीण आहे, घरी जा. भाऊ बाहेर पायरीवर बसून लेकरासारखे रडले.

रविवारी मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. दोन कुटुंबं उठून गेली. एक काकू म्हणाल्या, "कायले उकरलं? चांगलं चालून राहिलं होतं."

त्या दिवशी त्यांनी भाकर घेतली. अर्धी हातून खाली पडली. उचलून खाल्ली.

पंधरा दिवसांनी देवकाबाईंचा निरोप आला. "त्याले म्हणा, येऊन सांग."

काय सांगायचं? तेच. तो दिवस. पहिल्यापासून.

भाऊ गेले. महिन्याने पुन्हा निरोप. पुन्हा गेले. ती डोळे मिटून ऐकायची. एखादी गोष्ट गळली तर म्हणायची, "पाण्याचं राहिलं." भाऊ मागे जाऊन परत सांगायचे.

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. भाऊंनी माफी मागितलीही नाही.

कावीळ होऊन खाटेला लागेपर्यंत त्यांनी एकही निरोप चुकवला नाही.

आज दफनभूमीत ती आली होती. सगळ्यांमधून सरळ पुढे आली, मूठभर माती टाकली. मग माझा हात धरला. एवढ्या उन्हात तिचा हात थंडगार.

"मास्तरीणबाई, तो तं गेला. आता मले कोण सांगन?"

त्या दिवशी बांधीत मी होते. शब्द न् शब्द ऐकला होता.

तिथेच, कबरीच्या कडेला, मी सांगायला लागले. लोक पाहत होते. सांगता सांगता 'याकोबभाऊ' म्हणायच्या जागी तोंडात 'मी' यायला लागलं.

मी ते दुरुस्त केलं नाही.

भाऊ, तुम्हाला प्रभूच्या हाती दिलं. निवांत झोपा.