पिवळ्या बाटल्या

शेवाळापासून हायड्रोजन काढणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना माळीकाका म्हणतात. बावीस वर्षं ते याच संस्थेच्या बागेत होते. गुडघे गेल्यावर त्यांना आत घेतलं. बाटल्या धुवायच्या, दिवे लावायचे, तापमान टिपायचं.

काम हलकं, पण स्वभावाविरुद्ध. शेवाळ आधी भरपूर पोसायचं, मग गंधक नसलेल्या पाण्यात घालून बाटलीला घट्ट बूच मारायचं. उपासमार झाली की ते पिवळं पडतं, आतला ऑक्सिजन संपतो आणि तेव्हा कुठे हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बायको म्हणायची, "जन्मभर झाडं जगवलीत, आता उपाशी ठेवायचा पगार घ्या."

संशोधक मॅडमनी त्यांना हे दोनदा समजावलं होतं. मॅडमनी दीड वर्षं निवडून तयार केलेला शेवाळाचा वाण तपासायला समिती येणार होती. आदल्या रविवारी काका एकटेच ड्यूटीवर होते. सहाही बाटल्या पिवळ्या पडत चाललेल्या पाहून त्यांना राहवलं नाही. पान पिवळं पडलं की माळी एप्सम सॉल्ट देतो. काकांनी ते पाण्यात विरघळवलं आणि नमुने काढायच्या सिरिंजने बुचातून थोडं थोडं आत सोडलं.

समितीला हिरव्यागार बाटल्या दिसल्या. गॅस शून्य.

"त्या मिठात गंधक असतं हे मला माहीत नव्हतं," काका सांगतात, आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतात. "त्या दिवशी कळलं. मॅडम म्हणाल्या, कुठून तरी गंधक शिरलंय. मी फरशी पुसत होतो. पुसतच राहिलो."

विभागप्रमुखांनी सगळ्यांदेखत वाणालाच दोष दिला. काम बंद करा, साठा नष्ट करा, असं सांगितलं. तो साठा वाफेच्या भांड्यात घालायचं काम काकांकडेच आलं. त्यांनी ते केलं. त्यानंतर अकरा दिवस ते डबा जिन्यात बसून खात होते. मॅडमसमोर बसणं टाळायचे.

बाराव्या दिवशी मॅडम निघण्यासाठी टेबल आवरत होत्या. त्यांनी काकांचे आभार मानले. तुम्ही होतात म्हणून निभावलं, असं काहीतरी म्हणाल्या. तेव्हा काकांनी सांगून टाकलं. मान खाली घालून, सिरिंजसकट.

मॅडमनी आवाज चढवला नाही. सगळ्या बाटल्यांत घातलंत का, एवढंच विचारलं. काका हो म्हणाले. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे माझं शेवाळ चांगलं होतं."

मॅडमनी रिकाम्या मांडणीकडे पाहिलं.

"थोडंसं तरी उरलंय का, काका? एखादी नळी, तळाशी राहिलेलं काही?"

"नाही, मॅडम," काका म्हणाले. "सगळं वाफेत गेलं. बाटल्यासुद्धा मी दोनदा धुतल्या."