मराठीतून आलेली विनंती

नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. दोन मैत्रिणींचं ते प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आठवतं. त्यात मारामारी नव्हती, चोरी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. तरी त्यासारखं जड प्रकरण माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मी तेव्हा मिरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एके दुपारी ठाणे अंमलदाराने एका मुलीला माझ्या केबिनमध्ये आणलं. वय अठरा-एकोणीस, सोबत वडील. कुटुंब मूळ मराठवाड्यातलं, वडील खाजगी कंपनीत नोकरीला. मुलीला नाशिकच्या बाजूला एका संस्थेत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. जायच्या तयारीत असतानाच संस्थेच्या वेबसाइटवर तिला दिसलं, की तिने स्वतःच प्रवेश रद्द केला आहे.

"सर, मी नाही केलं," ती म्हणाली. "माझ्या लॉगिनमधून कोणीतरी केलंय. संस्थावाले म्हणतात, जागा वेटिंगवरच्या पुढच्या मुलीला गेली, आता काही होणार नाही."

तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी कॉल आला. बोलणारी बाई हिंदीत म्हणाली, "साहब, उसकी सहेली से पूछो. सीट उसी को मिली है."

चौकशी केली, तर माहिती खरी निघाली. ही मैत्रीण भाईंदरजवळच्या डोंगरी गावची. दोघी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. दोघींनी बरोबर अर्ज भरले होते, आणि वेटिंगवर पहिलं नाव मैत्रिणीचं होतं.

मुलीला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मी डोंगरीला तिच्या घरी गेलो. तिचे वडील रिक्षा चालवायचे. अंगणात खुर्च्या मांडल्या. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"तिचा पासवर्ड तुला माहीत होता?" मी विचारलं.

"हो सर. तिला माझा माहीत आहे, मला तिचा. आम्ही एकत्रच सगळं भरलं."

"जागा तुला मिळाली, हे तिला सांगितलंस?"

तिने मान खाली घातली. "मला मेसेज आला तेव्हा वाटलं, दुसऱ्या कोणाची जागा असेल. तिची आहे कळल्यावर मी फोन केला. तिने उचललाच नाही."

वडील मध्येच म्हणाले, "साहेब, माझी पोर तशी न्हाय. तिला खोटं बोलता येत न्हाय."

असं प्रत्येकच बाप म्हणतो. पण वर्षानुवर्षं जबाब घेतले की एक गोष्ट लक्षात येते. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या विरोधातली गोष्ट आपणहून सांगत नाही. ही मुलगी पासवर्डपासून मेसेजपर्यंत सगळं सांगत होती.

सायबर कक्षाने संस्थेकडून नोंदी मागवल्या. त्यात प्रवेश रद्द करणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता होता, आणि मैत्रिणीने जागा स्वीकारली त्या वेळचाही होता. दोन्ही पत्ते एकच. माझा उपनिरीक्षक खूश झाला. "सर, झालं काम. नोटीस काढू?"

मी त्याला थांबवलं. ती वेबसाइट बनवणारा तरुण मिरा रोडलाच राहत होता, त्याला बोलावलं. त्याच्यासमोर मी माझ्या फोनवरून ती वेबसाइट उघडली आणि म्हटलं, "आता माझा पत्ता काय आला, बघ."

त्याने लॅपटॉपवर पाहिलं. पुन्हा पाहिलं. "सर, तोच आलाय."

म्हणजे त्या नोंदीत मीही गुन्हेगार होतो.

मग त्याने समजावून सांगितलं. आपण वेबसाइटवर बटण दाबलं की आपल्या फोनकडून सर्व्हरला एक विनंती जाते. त्यांच्याकडे सगळ्या विनंत्या आधी एका मधल्या सर्व्हरवर यायच्या आणि तिथून पुढे जायच्या. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभी होती, ते फ्रेमवर्क विनंती शेवटी ज्याने आणून दिली त्याचा पत्ता लिहून ठेवायचं. म्हणजे प्रत्येक वेळी मधल्या सर्व्हरचाच. खरा पत्ता विनंतीच्या वरच्या मजकुरात, ज्याला ते लोक हेडर म्हणतात, त्यात वेगळा लिहिलेला असतो. तो मधल्या सर्व्हरवर जपलेला होता.

"अजून काय असतं त्या हेडरमध्ये?" मी विचारलं.

"ब्राउझर, फोनचं मॉडेल, पान कुठल्या भाषेत हवं ते. फोन न विचारताच सांगतो, सर. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पाठवणाऱ्याला येत असेल तर तो त्यात काहीही लिहू शकतो."

ही सूचना मला आवडली. साक्षीदाराचंही आम्ही असंच ऐकतो.

खरा पत्ता निघाला तो तक्रारदार मुलीच्या घरच्याच वायफायचा. तेवढ्याने मैत्रीण सुटत नव्हती, कारण तिचं त्या घरी रोजचं येणं-जाणं होतं. पण फोनचं मॉडेल जुनं होतं, दोघींपैकी कोणाचंच नाही. आणि त्या फोनने पान मराठीत मागितलं होतं. दोघींचे फोन इंग्रजीत.

महिला हवालदाराला घेऊन मी तक्रारदाराच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती. आईने पाणी दिलं, चहा टाकला. मी मुलीला सहज विचारलं, "घरात अजून कोणाचा फोन आहे?"

"दादाचा आहे. पण तो कोणी वापरत नाही."

तिचा मोठा भाऊ बाहेरगावी इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवर तापाने आजारी पडला. घरच्यांना काळजी नको म्हणून त्याने कळवलं नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. भिंतीवर त्याचा फोटो होता. खालच्या फळीवर त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता. मॉडेल तेच.

"प्रवेशाचा अर्ज या फोनवरून भरला होतास का?"

"कागदांचे फोटो यावर चांगले येतात, म्हणून..." ती बोलता बोलता थांबली. लॉगिन त्या फोनवर तसंच राहिलं होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आई दारात उभी होती. हातातली गाळणी तशीच.

"मीच केलं, साहेब," ती म्हणाली. "तिच्या फोनवर सगळं इंग्रजीत दिसतं, मला कळत नाही. लेकराने हा फोन मला शिकवायला मराठीत करून दिला होता. मी रोज त्याचा आवाज ऐकते यावर. त्या दिवशी ते पान उघडलं, तर मराठीत आलं. 'प्रवेश रद्द करा' असं लिहिलेलं होतं."

"का केलंत?"

"एक पाठवला होता. तो परत कसा आला ते मी बघितलंय. हिला नाही पाठवायचं, एवढंच डोक्यात होतं. हिचा बाप ऐकेना, ही ऐकेना."

मुलगी रडली नाही. ती खुर्चीतून उठली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. "मी तुझ्यासमोर बसून तिला शिव्या देत होते. बिल्डिंगमधल्या बायका येऊन तिला चोर म्हणत होत्या, एकीने तर पोलिसांना फोनही केला. तू त्यांना चहा दिलास, आई."

"बोलायचं ठरवायचे गं. तोंडाशी यायचं अन् परत जायचं."

मला कायद्याने करायचं होतं ते केलं. पंच बोलावले, पंचनामा केला, फोन जप्त करून लाखेचं सील लावलं. अटकेची गरज नव्हती, नोटीस दिली. निघताना त्या बाईने हवालदाराचा हात धरला. "ताई, याला चार्जिंगला लावाल ना तिकडं? बंद पडला अन् आतलं गेलं तर?" सील केलेला मुद्देमाल चार्जिंगला लावता येत नाही. हवालदार खाली उतरली आणि जीपमध्ये तोंड फिरवून बसली. पुढे कोर्टाच्या आदेशाने फोन त्यांना परत मिळाला. आवाज शाबूत होता, एवढं तरी बरं झालं.

बाकी फारसं काही परत मिळालं नाही. डोंगरीच्या मुलीने आळ आल्यावर संस्थेला आपणहून कळवलं होतं, की ही जागा मला नको. तिसऱ्याच कोणाला ती मिळाली. दोघींपैकी एकही गेली नाही.

डोंगरीच्या मुलीचे वडील ठाण्यात आले. "साहेब, माझी पोर निर्दोष हाय असं लिहून द्या. गावात दाखवायचं हाय."

असा कागद आमच्याकडे नसतो. तिला आरोपी केलेलंच नव्हतं, मग निर्दोष कशाच्या आधारावर लिहिणार? त्यापेक्षा मी स्वतः गणवेशात डोंगरीला गेलो, चार माणसं जमवली आणि या मुलीचा यात काडीचाही संबंध नव्हता हे मोठ्याने सांगितलं. माणसांनी माना डोलावल्या. मुलगी घरातून बाहेर आली नाही. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण ती का नाही आली?"



कोर्टात मुलीने आईविरुद्ध आपली काही तक्रार उरली नाही असं सांगितलं आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. बाहेर पायऱ्यांवर आई मला म्हणाली, "साहेब, लोक म्हणतात पोरीने माफ केलं. माफ नाही केलं तिने. फक्त सोडवलं मला." पुढच्या वर्षी मुलीला लांबच्या शहरात प्रवेश मिळाला. आईने स्वतः तिची बॅग भरली, असं तिच्या वडिलांनी मला सांगितलं.

जाण्याआधी ती एकदा डोंगरीला गेली होती, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मैत्रिणीने पाणी दिलं, बस किती वाजता मिळाली विचारलं, घरचे कसे आहेत विचारलं. त्या विषयावर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ही उठली, ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. त्यानंतर भेट नाही.

उपनिरीक्षकांना शिकवताना मी हे प्रकरण सांगत असे. कुठल्या फोनवरून, कुठल्या घरातून, कुठल्या भाषेत, हे यंत्राने आम्हाला अचूक सांगितलं, आणि तपास म्हणून तो चांगलाच तपास होता. पण ज्या दुपारी आमची जीप डोंगरीच्या त्या अंगणात थांबली, त्या दुपारीच कुंपणाशी उभ्या माणसांनी निकाल लावून टाकला होता. खरा गुन्हा उघड झाला तरी तो निकाल मला बदलता आला नाही. तेव्हापासून कोणाच्याही दारात जीप उभी करायला सांगण्याआधी मी थोडा वेळ घेत असे. शक्य असेल तर गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत जात असे.